प्रौढांच्या हाती मल्लखांब कधी?

मोठ्या शहरांतून गेल्या दहा-पंधरा वर्षांत एका नव्या प्रकारच्या व्यायामवर्गांचा बराच बोलबाला झाला आहे. जमिनीपासून छतापर्यंत उभा केलेला पोलादी किंवा पितळी खांब, अथवा छतातून खाली सोडलेले, रेशमी म्हणविले जाणारे पण वस्तुतः नायलॉनचे लांबच लांब कापड, आणि त्यावर चढण्याची, लोंबकळण्याची व पुढे उलटे होण्याची खटपट करणारी, बहुतांशी तिशी-चाळिशीतील नोकरदार मंडळी, असे या वर्गांचे स्वरूप असते. ‘पोल फिटनेस’ आणि ‘एरियल’ ही त्यांची रूढ नावे. त्यांच्यासंबंधी आपल्याकडे दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. पहिली अशी की, हे पाश्चात्त्यांचे थेर आहेत आणि सभ्य घरांतील बायकांनी त्या भानगडीत पडू नये. दुसरी अशी की, यात नवे ते काय, हा तर आमचाच मल्लखांब. तो आम्ही टाकला आणि त्यांनी उचलला. पहिली प्रतिक्रिया देणारे लोक खांब सोडून खांबावरील व्यक्तीचे कपडे पाहतात. दुसरी देणारे खांब पाहतात, पण त्यावर चढले आहे कोण, हे पाहावयास विसरतात. आमच्या मते खरा विचार करावयाचा तो याच गोष्टीचा.

वंशावळीचा प्रश्न प्रथम निकालात काढू. शहरी वर्गांतील खांबाचा एक धागा पाश्चात्त्य रात्रिगृहांतील नाचापर्यंत जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसरा धागा चिनी सर्कशीतील खांबकसरतींशी जोडला जातो. लोंबते कापड तर सरळ सर्कशीतूनच आले. पण एखादी कला कोठून निघाली यावरून ती कोठे पोहोचली हे ठरत नाही. २०१७ साली आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या शिखर संस्थेने या खांबक्रीडेच्या जागतिक महासंघास निरीक्षक दर्जा दिला, तेव्हा तिला क्रीडाक्षेत्राचे दार किलकिले झाले. मल्लखांबाची परंपरा अर्थातच फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख सापडतो. पुढे विस्मृतीत गेलेल्या या विद्येला दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नवे जीवन दिले. निजामाच्या राज्यातून आलेल्या पहिलवानांचे आव्हान, देवधरांनी मागून घेतलेली मुदत, वणीच्या सप्तशृंगीवरील अनुष्ठान आणि माकडांच्या हालचालींवरून सुचलेला व्यायाम, ही आख्यायिका मराठी वाचकाला ठाऊक आहे. तिच्यातील इतिहास किती आणि भक्ती किती याची छाननी येथे नको. मुद्दा एवढाच की, मल्लखांब ही वस्तू आरंभी कुस्तीगिराची पूर्वतयारी होती. खांब हा न बोलणारा, न दमणारा प्रतिस्पर्धी; त्याला मिठी मारावी, त्याला अढी घालावी, त्याच्याशी झुंजून अंग लवचीक आणि पकड बळकट करावी.

आता शहरातील त्या वर्गात पहिल्या दिवशी काय घडते ते सांगतो. प्रस्तुत लेखकाने कुतूहलापोटी अशा एका प्रारंभिक वर्गात एक तास घालविला आहे. स्थळ आणि संस्था यांचा निर्देश करण्याचे कारण नाही. दहा मिनिटे मनगटे आणि खांदे मोकळे करण्यात गेली. बोटांतील अंगठ्या उतरविण्यास सांगण्यात आले, अंगाला मलम किंवा तेल लावलेले असल्यास पुसून टाकण्यास सांगण्यात आले. नंतर एका हाताने खांब उंचावर धरून त्याच्याभोवती नुसते चालावयाचे. मग दोन्ही हातांनी धरून, कोपरे वाकवून, पाय जमिनीवरून चार बोटे उचलावयाचे आणि शिक्षिका आकडे मोजेल तोवर तसेच राहावयाचे. ऐकताना हे अगदी पोरकट वाटते. करताना मात्र तिसऱ्या आकड्याला हाताचा पंजा आणि कोपराखालचा भाग असा काही भरून येतो की, आजवर हे हात कागदांच्या फायली आणि बाजाराच्या पिशव्या यांपलीकडे कशासाठी वापरलेच नव्हते, याचा पुरता साक्षात्कार होतो. कापडाच्या बाजूला याहून सौम्य व्यवस्था होती. कापडाला कमरेच्या उंचीवर एक मोठी गाठ मारून झोपाळ्यासारखी बैठक केली होती आणि नवशिक्यास आधी त्या गाठीवरच बसून तोल सांभाळावयास शिकवीत होते. गाठ पुढे सुटते. तोवर बिचाऱ्याला पायाला कापडाची वेटोळी घालून उभे राहणे जमू लागलेले असते.

दुसऱ्या दिवशी नडग्यांवर आणि मांड्यांच्या आतल्या अंगाला निळे डाग उठतात, हेही सांगितले पाहिजे. परंतु या सगळ्यात लक्षात राहिली ती वेगळीच गोष्ट. वर्गात एक शिक्षिका होत्या, बँकेत काम करणारे एक गृहस्थ होते, आणि नातवंडे असलेल्या एक बाई होत्या. कोणालाही काहीही येत नव्हते, आणि ‘काहीही येत नाही’ ही त्या वर्गात प्रवेशाची पुरेशी पात्रता होती. पडले तर खाली जाड गादी होती. हसणारे कोणी नव्हते, कारण बाहेरून पाहणारेच कोणी नव्हते. शुल्क मात्र लिपिकाच्या खिशाला चांगलेच झोंबावे असे होते.

आता हाच नवशिका आपण आमच्या प्रदेशात आणून पाहू. वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती महामार्गावरील गाव. येथून आर्वीकडे रस्ता फुटतो, आष्टीकडे फुटतो, एस.टी. बदलण्याच्या निमित्ताने का होईना, या भागातील प्रत्येक शिक्षकाने आणि कारकुनाने येथे कधी ना कधी चहा घेतलेला असतो. याच महामार्गाने अमरावतीच्या बाजूस थोडे गेले की तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी लागते. गावाच्या उन्नतीचा विचार मांडताना महाराजांनी ग्रामगीतेत व्यायामालाही स्थान दिले आहे, हे येथे निराळे सांगावयास नको. त्याही पुढे अमरावती. तेथे १९१४ साली वैद्य बंधूंनी लहानशा आखाड्यातून उभे केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, ज्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. म्हणजे ज्याच्या उशाशी ही परंपरा आहे असे हे गाव. पण तळेगावात किंवा त्याच्यासारख्या कोणत्याही गावात राहणाऱ्या पस्तिशीच्या एखाद्या शिक्षिकेने उद्या ठरविले की आपण मल्लखांब शिकावा, तर तिने कोणाकडे जावे? आणि गेलीच, तर तिला उत्तर काय मिळेल? ‘बाई, मुलाला पाठवा,’ हेच ना?

हे उत्तर कोणी दुष्टपणाने देत नाही. त्याला कारणे आहेत, आणि ती कारणे मल्लखांबाच्या यशातच दडलेली आहेत. १९६२ साली ग्वाल्हेर येथे राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धांत मल्लखांबाचा समावेश झाला आणि १९८१ मध्ये उज्जैन येथे त्याची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा भरली. तेव्हापासून या खेळाने मान्यतेची एकेक पायरी चढत आणली आहे. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये त्याला राज्यक्रीडेचा दर्जा दिला. महाराष्ट्राला हे आधी का सुचले नाही हा प्रश्न विचारून आपण आपलेच हसे करून घेऊ नये. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२२ मध्ये हा खेळ ‘खेलो इंडिया’च्या युवा स्पर्धांत आला, त्याच वर्षी गुजरातेतील राष्ट्रीय क्रीडास्पर्धांतही आला. सागर ओव्हळकर यांना अर्जुन, गणेश देवरुखकर यांना द्रोणाचार्य आणि मुंबईच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ ची पद्मश्री मिळाली. हे सारे अभिमानास्पद आहे. तथापि मान्यतेबरोबर गुणपत्रिका आली. बारा वर्षांखालील, चौदा वर्षांखालील असे वयोगट आले, दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण आले, शासकीय नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण आले. परिणाम असा की, मूल आठव्या-नवव्या वर्षी मल्लखांबावर चढते आणि दहावीचे गुण पदरात पडले की बहुधा उतरते. उतरल्यानंतर ते पुन्हा चढत नाही; आणि जे लहानपणी चढलेच नाहीत त्यांच्यासाठी तर शिडीच नाही.

एका गोष्टीचा खुलासा येथे केला पाहिजे, नाहीतर कोणी म्हणेल की प्रौढ माणसास हे जमण्यासारखेच नाही. पुरलेला मल्लखांब अवघड खराच. शहरातील खांब जेमतेम साडेचार सेंटिमीटर जाडीचा, मुठीत मावणारा. आपला खांब शिसवी किंवा सागवानी, जमिनीवर सुमारे साडेआठ फूट उंच, बुडाशी सुमारे पंचावन्न सेंटिमीटर घेराचा, वर निमुळता होत जाऊन मान आणि बोंड यांत संपणारा. तो मुठीत धरता येत नाही, त्याला कवेतच घ्यावे लागते; आणि त्यावर एरंडेल चोळलेले असते. पण हाच खांब लहान आकारात टांगलेलाही असतो. आणि तिसरा प्रकार दोरीचा. पूर्वी तो वेताचा असे, चांगला वेत मिळेनासा झाल्यावर सुताची दोरी आली. ही दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात धरून शरीराचा भार पेलावयाचा असतो. अंध विद्यार्थिनींनीही ही दोरी आत्मसात केली आहे. ज्यांना डोळ्यांनी दोरी दिसत नाही त्या ती शिकू शकतात, तर ज्यांना ती दिसते अशा प्रौढांना निदान तिला लोंबकळता येऊ नये काय? स्पर्धेतील वेल, फरारा आणि दसरंग यांचे नावही काढण्याची जरूर नाही. वर्षभरात दोरी धरून वर जाता आले, एक साधी अढी घालता आली आणि सावकाश उतरता आले, तरी चाळिशीच्या माणसाने पुष्कळ कमावले.

हे ‘पुष्कळ’ म्हणजे काय, तेही पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. आणि त्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना बळ देणारा व्यायामही सांगितला आहे. पहिली सूचना आपल्या मध्यमवर्गाने थोडीबहुत ऐकली. सकाळी महामार्गाच्या कडेने फिरणारी मंडळी त्याची साक्ष देतील, जरी त्या वाहत्या रस्त्याच्या कडेला फिरणे हा व्यायामापेक्षा धाडसाचा प्रकार अधिक आहे. दुसरी सूचना कोणाच्या कानीच पडली नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात, पकड सैल होते, खांदे आखडतात. फळ्यावर हात वर करून लिहिताना दुखू लागते तेव्हा शिक्षक आयोडेक्स आणतात. स्वतःचे वजन स्वतःच्या हातांनी उचलणे यासारखा साधा आणि बिनयंत्राचा उपाय दुसरा नाही. अर्थात रक्तदाब चढा असलेल्यांनी, काचबिंदूच्या रुग्णांनी आणि गर्भवती स्त्रियांनी उलटे टांगून घेऊ नये, आणि जुने खांदेदुखीचे प्रकरण असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. शिकविणाराने हे पहिल्या दिवशीच विचारले पाहिजे. जो विचारीत नाही त्याच्याकडे जाऊच नये.

राहता राहिला कपड्यांचा प्रश्न. तो कोणी उघड बोलत नाही, पण अडतो तेथेच. शहरी खांबवर्गात आखूड कपडे घालतात याचे कारण धातूला पकड कातड्याचीच बसते, कापड त्यावरून सटकते. मल्लखांबावर लंगोट याच हिशेबाने आला. शतकानुशतके मुलगे भर आखाड्यात लंगोट लावून खांबावर चढले आणि त्यांना पाहून कोणाची संस्कृती बुडाली नाही. एखादी बाई त्याच कारणासाठी मांडीपर्यंतची विजार घालते तेव्हा मात्र ती बुडू लागते. बिठूरला बालपणी राणी लक्ष्मीबाई मल्लखांब शिकल्याचे आपण व्याख्यानांतून सांगतो. टाळ्याही घेतो. शेजारच्या सुनेने शिकावयाचे म्हटले की आपल्या भुवया वर जातात. याहून कडू असा आणखी एक इतिहास आहे. बांबूवर चढणारी, ताणलेल्या दोरीवरून चालणारी मुलगी महाराष्ट्राच्या गावोगावी होतीच. ती डोंबाऱ्याची किंवा कोल्हाट्याची मुलगी होती. तेच अंग, तेच कसब, तोच तोल. आखाड्यातील मुलाच्या वाट्याला शाबासकी आली आणि या मुलीच्या वाट्याला थाळीतली नाणी आणि नजरा आल्या. या जमाती आजही भटक्या जमातींच्या शासकीय यादीत आहेत. त्यांच्या कसबाला मात्र कोणत्याही क्रीडासंघटनेच्या यादीत जागा मिळाली नाही. खांबावर चढणाऱ्या स्त्रीकडे पाहताना आपल्या मनात जी अस्वस्थता उठते, तिचे मूळ पश्चिमेत शोधण्यापेक्षा आपल्याच वेशीवर शोधावे. सुदैवाने दोरीला असली अट नाही. दोरीवर आणि कापडावर पायघोळ विजार घालूनच शिकणे बरे, नाहीतर कातडे सोलवटते. तेव्हा ज्यांना पोशाखाचा संकोच वाटतो त्यांनी दोरीपासून आरंभ करावा, आणि संकोच कोणाचा दूर व्हावयाचा आहे याचा निवाडा नंतर सवडीने करावा.

मग करावयाचे काय? शहरातील स्टुडिओ तळेगावला यावा असे आम्ही म्हणत नाही, तो येणारही नाही. त्याचे गणित शहराच्या पगारांवर बेतलेले आहे. पण त्या स्टुडिओने प्रौढ नवशिक्याला दिलेली वागणूक उचलून आणण्यास भाडे लागत नाही. खांब आणि दोरी हा खर्चाचा भाग किरकोळ आहे. आष्टी-कारंजा परिसरातील जंगलात सागवान आहे, ते रीतसर लिलावात विकत मिळते, सुतार गावात आहे. शासनाची व्यायामशाळा विकास अनुदान योजना आहे. तिचे पैसे अनेक ठिकाणी खुल्या व्यायामशाळेच्या नावाने हिरव्या-पिवळ्या यंत्रांवर खर्च होतात. ही यंत्रे पहिल्या पावसाळ्यानंतर कुरकुरू लागतात आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांवर कपडे वाळत पडतात. यंत्रांची आवड पदाधिकाऱ्यांना का, तर त्यांना शिक्षक लागत नाही, फक्त उद्घाटक लागतो. मल्लखांबाला शिक्षक लागतो. खरी अडचण ती आहे, आणि खरा खर्चही तोच आहे.

पण शिक्षक नाहीत असे नाही. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन नोकरीची वाट पाहणारे तरुण-तरुणी या भागात कमी नाहीत. अमरावती येथून तर अशा पदवीधरांच्या पिढ्या बाहेर पडल्या आहेत. त्यांपैकी एखाद्या मुलीला आठवड्यातून तीन दिवस, मानधन देऊन, गावातील शाळेच्या सभागृहात वर्ग घेण्यास सांगता येणार नाही काय? मानधनाचा अर्धा भार शिकणारांनी वर्गणीतून उचलावा, अर्धा ग्रामपंचायतीने. ‘स्पर्धेला किती मुले पाठविली’ हा प्रश्न या वर्गाला कोणी विचारू नये, अशी अट मात्र ठरावातच घालावी लागेल. नाहीतर सहा महिन्यांत बायकांची दोरी काढून तेथे चौदा वर्षांखालील मुलांचा सराव सुरू होईल, आणि ते रास्तच आहे असे सर्वांना वाटेल.

वेळेचा मुद्दा किरकोळ वाटेल, तो तसा नाही. तळेगावातील शिक्षकांत आणि कर्मचाऱ्यांत अमरावतीहून किंवा आर्वीहून अपडाऊन करणारे असतात. त्यांची परतीची गाडी चुकली तर ते दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. शाळा सुटल्यावर लगेच, गाडीच्या आधी, पाऊण तास, ही वेळ त्यांच्यासाठी. गावातच राहणाऱ्या स्त्रियांना ती वेळ मुळीच सोयीची नाही, कारण त्या वेळी चहा, गिऱ्हाईक नाहीतर गुरे असतात. त्यांच्यासाठी दुपारी दोन-अडीचची वेळ निराळी ठेवावी लागेल. सभागृहाची खिडकी रस्त्याकडे उघडत असेल तर तिला पडदा लावावा. दोरी ज्या तुळईला बांधावयाची ती सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्याकडून तपासून घ्यावी, आणि दोरीखाली गादी असल्याशिवाय एकालाही वर चढू देऊ नये.